झाकली मूठ आणि प्रचाराचे व्यासपीठ

१६ फेब्रुवारी २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी धुळ्यात आले होते. पुलवामाच्या हल्ल्याला जेमतेम दोन दिवस झाले होते. केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान त्यात गेले होते आणि त्यांतले दोघे खानदेशाला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यातले होते. धुळ्याचा कार्यक्रम तसा विकासकामांचा. सुलवाडे-जामफळ-कनोली उपसा सिंचन योजना, जळगाव-मनमाड तिसरा रेल्वेमार्ग आणि धुळे-नरडाणा रेल्वेमार्ग यांची पायाभरणी त्या दिवशी झाली. त्याच भाषणात पंतप्रधानांनी इशाराही दिला. भारत आपणहून कुणाची कळ काढत नाही, पण कुणी काढली तर त्याला सोडतही नाही, असा त्याचा आशय होता. दहा दिवसांनी, २६ फेब्रुवारीच्या पहाटे, भारतीय हवाई दलाने पाकिस्तानात बालाकोटवर हल्ला केला. मग निवडणूक जाहीर झाली. २१ एप्रिलला राजस्थानातल्या बाडमेरच्या प्रचारसभेत पंतप्रधान म्हणाले की पाकिस्तान उठसूट अण्वस्त्रांची भीती घालतो, मग आमच्याकडे आहेत ती काय आम्ही दिवाळीसाठी ठेवली आहेत? त्यावर काश्मीरच्या नेत्या मेहबूबा मुफ्तींनी उत्तर दिले की पाकिस्ताननेही त्याची अस्त्रे ईदसाठी ठेवलेली नाहीत. आठ दिवसांनी, २९ एप्रिलला, धुळे लोकसभा मतदारसंघात मतदान झाले. शिंदखेडा तालुक्यातले नरडाणा याच मतदारसंघात येते आणि इथले तेव्हाचे खासदार डॉ. सुभाष भामरे २०१६पासून देशाचे संरक्षण राज्यमंत्री होते.

म्हणजे नरडाण्याच्या मतदाराला दहा आठवड्यांत एकाच नेत्याकडून तीन प्रकारचे शब्द मिळाले. रेल्वेचे आश्वासन, मर्यादित लष्करी कारवाईचा इशारा आणि अण्वस्त्रांची धमकी. तिन्ही भाषणातूनच आले, तिन्हींना टाळ्या पडल्या, पण तिन्हींचे वजन एका तराजूत मोजता येत नाही. रेल्वेचा शब्द पायरीपायरीने तपासता येतो. मोजणी झाली का, जमीन संपादित झाली का, मोबदला हातात पडला का, मातीचा भराव कुठवर आला, पूल उभे राहिले का, हे सुरत-भुसावळ मार्गावरच्या नरडाणा स्थानकात गाडीची वाट पाहणारा माणूसही सांगू शकतो. धुळ्यातला इशाराही तपासला गेला. जे बोलले ते करण्याजोगे होते, मर्यादेत होते आणि दहा दिवसांत झाले. त्या कारवाईचे लष्करी फलित काय यावर वाद झाले, पण शब्द पोकळ नव्हता हे दिसले. अण्वस्त्राच्या धमकीचे मात्र तसे नाही. ती खरी होती की नाही, हे ती खरी ठरल्यावरच कळणार, आणि तेव्हा तपासायला कोण उरेल हे कुणी सांगू शकत नाही. म्हणून या प्रकरणात मला एकच गोष्ट मांडायची आहे. उमेदवाराने प्रचारात दिलेल्या अण्वस्त्राच्या धमकीने देशाचा धाक वाढत नाही, धोका मात्र वाढतो. आणि ज्या एका कारणासाठी अशी धमकी नीतीच्या कसोटीवर कशीबशी टिकते, ते कारणच प्रचारात गळून पडते.

आधी धाक म्हणजे काय ते पाहू. अभ्यासक त्याला प्रतिरोधन म्हणतात. समोरच्याला असे वाटले पाहिजे की हल्ला केला तर मिळेल त्यापेक्षा गमवावे लागेल ते जास्त. यासाठी तीन गोष्टी लागतात. पहिल्या हल्ल्यातूनही वाचेल असे शस्त्र हवे, ते वापरण्याचा निर्णय कोण आणि कसा घेणार याची पक्की व्यवस्था हवी, आणि कोणत्या परिस्थितीत ते वापरले जाईल हे शत्रूला आधीच ठाऊक हवे. भारताने या तिन्हींची चौकट ४ जानेवारी २००३ रोजी जाहीर केली. अण्वस्त्र आपण आधी वापरणार नाही. भारतावर किंवा भारतीय सैन्यावर अण्वस्त्राचा हल्ला झाला तर प्रत्युत्तर प्रचंड असेल. जैविक किंवा रासायनिक अस्त्रांचा मोठा हल्ला झाला तर अण्वस्त्राचा पर्याय राखून ठेवला आहे. निर्णय घेणार अण्वस्त्र आदेश प्राधिकरणाची राजकीय परिषद, जिचे अध्यक्ष पंतप्रधान असतात. जळगाव जिल्ह्यातल्या प्रतिभाताई पाटील २००७ ते २०१२ या काळात राष्ट्रपती होत्या, म्हणजे तिन्ही सैन्यदलांच्या सर्वोच्च सेनापती. तरी हा अधिकार त्यांच्या एकटीच्या हाती नव्हता, आणि तो कुणाच्याच एकट्याच्या लहरीवर राहू नये हाच त्या रचनेचा हेतू आहे. आपल्याकडे म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. अण्वस्त्रांच्या बाबतीत ही म्हण अर्धी लागू पडते. मूठ आहे, ती पक्की आहे आणि कशाने उघडेल, हे शत्रूला दिसले पाहिजे. पण कधी, कुठे, किती, हे झाकलेले असले पाहिजे. प्रचारात नेमके उलटे होते. नेता मूठ उगारून दाखवतो, आणि ती कशाने उघडेल हा कळीचा भाग धूसर करून टाकतो.

बाडमेरच्या वाक्यातून रावळपिंडीतल्या पाकिस्तानी सेनाधिकाऱ्याला नवे काय कळले असेल? भारताकडे अण्वस्त्रे आहेत हे पोखरणच्या १९९८च्या चाचण्यांपासून जगाला ठाऊक आहे. ती कधी वापरली जातील, ते २००३च्या निवेदनात लिहिलेले आहे. सभेतल्या वाक्याने यात भर पडली नाही. पडली ती शंका. आधी न वापरण्याचे धोरण आता राहिले आहे की नाही? वाक्य अर्थात रावळपिंडीसाठी नव्हतेच, समोर बसलेल्या मतदारासाठी होते. पण धमकी ज्याला ऐकवायची तो एक आणि ज्याच्यावर परिणाम व्हायचा तो दुसरा असला की ती धाकाच्या कामाची राहत नाही. गर्जेल तो पडेल काय, असे आपण ढगाबद्दल म्हणतो. पाऊस न पडला तर शेतकऱ्याचा हंगाम जातो. इथे मात्र गर्जना ऐकून समोरचा स्वतःच्या ढगांची तयारी करू लागतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल की ही निवडणुकीतली भाषा आहे, तिला कुणी खरे मानत नाही, मग धोका कसला? याला उत्तर आपल्याच इतिहासात आहे. १९९८च्या निवडणुकीत भारतीय जनता पक्षाने जाहीरनाम्यात लिहिले होते की देशाच्या अणुधोरणाचा फेरविचार करू आणि अण्वस्त्रे बाळगण्याचा पर्याय वापरू. अटलबिहारी वाजपेयींचा शपथविधी १९ मार्चला झाला आणि ११ मेला पोखरणला स्फोट झाले. अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणेला ते आधी कळले नाहीत. तिथले निवृत्त ॲडमिरल डेव्हिड जेरेमाया यांनी नंतर चौकशी केली, तेव्हा एक ठळक दोष असा निघाला की विश्लेषकांनी पक्षाचा लिखित शब्द गंभीरपणे घेतलाच नव्हता. आता २०१४ पाहा. त्याच पक्षाच्या जाहीरनाम्यात अण्वस्त्र-सिद्धांताचा अभ्यास करून त्यात बदल करण्याची भाषा होती. त्यावरून चर्चा उठली तेव्हा पंतप्रधानपदाचे उमेदवार मोदी यांनी, अण्वस्त्र आधी न वापरण्याच्या भूमिकेशी तडजोड करणार नसल्याचे सांगितले आणि तो सिद्धांत अधिकृतपणे बदलला गेला नाही. एकाच पक्षाचे दोन जाहीरनामे. एक शब्दशः खरा झाला, दुसरा झाला नाही. बाहेरून पाहणाऱ्या शत्रूने यातून काय शिकावे? हेच, की कोणता शब्द खरा आणि कोणता सभेपुरता हे आधी ओळखता येत नाही. आणि ओळखता येत नाही तेव्हा शहाणा सेनापती वाईटात वाईट धरूनच तयारी करतो. म्हणजे प्रचारातली धमकी धाक बसवण्याइतकी विश्वासार्ह नसते, पण भीतीने चूक घडवण्याइतकी विश्वासार्ह नक्कीच असते. भारत आणि पाकिस्तान यांच्यात क्षेपणास्त्र काही मिनिटांत पोहोचते. विचाराला वेळच नाही, तिथे आधीपासून मनात रुजलेल्या शंकेला फार मोठी किंमत आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लोकांसमोर दिलेला शब्द नेत्याला बांधून ठेवतो, मागे फिरला तर त्याची नाचक्की होते, म्हणून जाहीर धमकी जास्त खरी वाटते. अमेरिकी अभ्यासक जेम्स फिअरन यांनी १९९४मध्ये हा विचार सविस्तर मांडला. सीमित लष्करी इशाऱ्याबाबत तो बऱ्याच अंशी पटतो. धुळ्यातल्या शब्दाने सरकारवर दडपण आलेच असणार. पण अण्वस्त्रांच्या बाबतीत हाच गुण घातक ठरतो. संकटाच्या घटकेला नेत्याच्या हाती सर्वांत मोलाची गोष्ट कोणती असेल तर ती थांबण्याची मोकळीक. ती त्याने महिनाभर आधी टाळ्यांसाठी गहाण टाकली असेल तर देशाचे काय? धाकाच्या आधुनिक सिद्धांताचा पाया घालणारे टॉमस शेलिंग यांनी १९६०च्या सुमारास दाखवून दिले की स्वतःचे हात बांधून घेतल्याने सौदा जिंकता येतो. पण ते हेही जाणून होते की दोन्ही बाजूंनी हात बांधून घेतले तर अपघात टाळणारा कुणी उरत नाही. आणि बहुतेक उमेदवारांच्या बाबतीत बांधिलकीचा हा युक्तिवादही लागू होत नाही, कारण त्यांच्या हाती ते शस्त्र नसतेच.

ब्रिटनचे उदाहरण यासाठी डोळ्यांसमोर ठेवण्यासारखे आहे. २०१५मध्ये मजूर पक्षाचे नवे नेते जेरेमी कॉर्बिन यांनी आपण अण्वस्त्राचे बटण दाबणार नाही असे सांगितले आणि गदारोळ झाला. जुलै २०१६मध्ये पंतप्रधान थेरेसा मे यांना संसदेत विचारण्यात आले की एक लाख निरपराध माणसे मारणाऱ्या हल्ल्याचा आदेश तुम्ही द्याल का. त्यांनी एका शब्दात होकार दिला. ऑगस्ट २०२२मध्ये नेतेपदाच्या स्पर्धेत उतरलेल्या लिझ ट्रस यांनीही प्रचाराच्या व्यासपीठावरून आपली तयारी असल्याचे सांगितले, सभागृहात टाळ्या पडल्या, आणि पंतप्रधान झाल्यावर ४९ दिवसांत त्यांना पद सोडावे लागले. आता या प्रश्नाचे ब्रिटनमधले खरे उत्तर कुठे असते ते पाहा. नवा पंतप्रधान पदावर आल्यावर स्वतःच्या हाताने चार पत्रे लिहितो, अण्वस्त्रवाहू चार पाणबुड्यांच्या कप्तानांसाठी. लंडन उद्ध्वस्त झाले, सरकार उरले नाही, तर काय करायचे, एवढेच त्यात असते. पत्रे मोहोरबंद होऊन पाणबुडीतल्या तिजोरीत जातात. पंतप्रधान पायउतार झाला की ती न वाचता नष्ट केली जातात. आजवरच्या एकाही पंतप्रधानाच्या पत्रातला मजकूर त्या तिजोरीतून जगासमोर आलेला नाही, तरी ब्रिटनचा धाक उणा पडलेला नाही. तो धाक समुद्राखाली फिरणाऱ्या पाणबुडीमुळे आणि न मोडणाऱ्या शिस्तीमुळे आहे. उमेदवार व्यासपीठावर हो म्हणाला की नाही म्हणाला, याने त्या बंद पाकिटात काय लिहिले जाईल हे ठरत नाही.

विश्वासार्हतेचा प्रश्न इथे ठेवून नीतीकडे वळतो, कारण मला तोच जास्त अस्वस्थ करतो. हिरोशिमावर ६ ऑगस्ट १९४५ रोजी पडलेल्या बॉम्बची ताकद सुमारे १५ किलोटन होती आणि त्या वर्षअखेरपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसे मेली. अण्वस्त्राची धमकी म्हणजे अशा संहाराची धमकी. ती सैन्याला उद्देशून दिली तरी भोगणार भाजीवाला, शाळकरी मूल, दवाखान्यातली बाळंतीण. जे करणे पाप आहे ते करण्याची धमकी देणे निर्दोष कसे? अमेरिकी तत्त्वज्ञ मायकेल वॉल्झर यांनी १९७७मध्ये आणि अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांनी १९८३मध्ये या प्रश्नाशी झटापट केली. दोघांच्या उत्तरांचा गाभा असा की ही धमकी मुळात वाईटच आहे. ती सहन करायची तर एकाच आधारावर, की तिच्याशिवाय याहून मोठा अनर्थ टळणार नाही, आणि तेही कायमचे नाही. ८ जुलै १९९६ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दिलेल्या सल्लामताचा सूरही असाच होता. अण्वस्त्राचा वापर आणि धमकी दोन्ही सर्वसाधारणपणे युद्धविषयक कायद्याच्या विरुद्ध आहेत. राष्ट्राच्या अस्तित्वावरच बेतले असेल तर काय, याचा निश्चित निर्णय न्यायालयाला देता आला नाही. त्या खटल्यात भारताने अण्वस्त्रे बेकायदा असल्याचीच बाजू मांडली होती, हे इथे लक्षात ठेवायला हवे.

म्हणजे अण्वस्त्राच्या धमकीला नीतीने दिलेली परवानगी फार अरुंद आहे. अनर्थ टाळण्यासाठी, तेवढ्यापुरती. उमेदवार तीच धमकी मते मिळवण्यासाठी वापरतो तेव्हा परवानगीची अट मोडते. लाहोरची आणि उलट माऱ्यात सापडणारी आपलीही माणसे मग ओलीस ठरतात ती शांतता टिकवण्यासाठी नव्हे, तर एका मतदारसंघाचा निकाल फिरवण्यासाठी. हे ओलीस खानदेशातलेही आहेत. भुसावळचे रेल्वे जंक्शन, भुसावळ आणि वरणगावचे आयुध निर्माणी कारखाने, मुंबई-आग्रा महामार्गावरची नरडाण्याची औद्योगिक वसाहत, ही सगळी ठिकाणे कोणत्याही युद्धात शत्रूच्या डोळ्यांत भरणारी. इथे कामाला जाणाऱ्या माणसाला, त्याचा जीव पणाला लावून भाषण केले तर चालेल का, हे कुणी विचारलेले नसते. त्याच्याकडे फक्त टाळी मागितली जाते.

मग तिसरा आक्षेप. पाकिस्तान उघड धमक्या देतो, अण्वस्त्र आधी न वापरण्याचे वचन त्याने कधी दिलेले नाही, तिथले मंत्री अण्वस्त्रांची भाषा सर्रास करतात. आपल्या नेत्याने गप्प बसावे का? राग समजण्यासारखा आहे. अण्वस्त्राच्या आडून दहशतवाद पोसणे हा ब्लॅकमेलच आहे आणि त्याला उत्तर द्यायलाच हवे. पण उत्तर कशाने मिळाले ते पाहा. २०१६च्या सर्जिकल स्ट्राइकने, २०१९च्या बालाकोटने, मे २०२५च्या ऑपरेशन सिंदूरने. या सगळ्या साध्या शस्त्रांनी केलेल्या, हद्द आखलेल्या कारवाया होत्या. १२ मे २०२५च्या भाषणात पंतप्रधानांनी अण्वस्त्राचा ब्लॅकमेल सहन करणार नाही असे सांगितले, तेव्हा त्यात अण्वस्त्र वापरण्याची धमकी नव्हती; समोरच्याच्या धमकीला न भिण्याचा निर्धार होता. हा फरक फार मोठा आहे. धमकीला धमकीने तोलले की दोघे एका पातळीवर येतात, आणि जबाबदार अण्वस्त्रधारी देश म्हणून भारताने कमावलेली पत विनाकारण खर्ची पडते.

राहिला शेवटचा आक्षेप आणि तो मला सर्वांत आदरणीय वाटतो. अण्वस्त्रे जनतेच्या नावाने आणि जनतेच्या पैशाने ठेवली जातात, मग निवडणुकीत त्यांच्यावर बोलायचेच नाही हे लोकशाहीत बसते का? बसत नाही. बोललेच पाहिजे. माझा आग्रह मौनाचा नाही, धोरण आणि धमकी यांत फरक करण्याचा आहे. नोव्हेंबर २०१६मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री, गोव्याचे मनोहर पर्रीकर म्हणाले की आधी वापरणार नाही असे म्हणून स्वतःला बांधून का घ्यावे, आणि लगेच हे आपले वैयक्तिक मत असल्याचेही सांगितले. अशा पदावरच्या माणसाला या विषयात वैयक्तिक मत जाहीर करण्याची मुभा नसावी असे मला वाटते. पण त्यांनी काढलेला मुद्दा धोरणाचा होता. त्याच्या बाजूने आणि विरुद्ध युक्तिवाद करता येतो, संसदेत चर्चा होऊ शकते, जाहीरनाम्यात लिहिता येतो. १९९८चा जाहीरनामा आवडो न आवडो, तो लिखित होता आणि मतदाराला विचार करायला वेळ देत होता. दिवाळीच्या वाक्यावर युक्तिवाद करता येत नाही. निवडणूक आयोगाने त्या भाषणात आचारसंहितेचा भंग नाही असे ठरवले. आचारसंहितेत अण्वस्त्रांचा उल्लेखच नाही, तेव्हा आयोगाने वेगळे काय ठरवायचे? ही जबाबदारी आयोगावर ढकलून चालणार नाही. ती पक्षांची आणि त्याहून जास्त मतदाराची आहे.

दोन देशांमधला खरा, विश्वासाचा शब्द कसा असतो याचे एक उदाहरण नरडाण्याच्या नव्या रेल्वेमार्गावरच सापडते. हा मार्ग धुळे तालुक्यातल्या बोरविहीरपासून सुरू होतो. तिथलाच एक जवान सप्टेंबर २०१६च्या शेवटी नियंत्रण रेषा ओलांडून चुकून पाकिस्तानात गेला. दोन्ही बाजूंच्या तोफा तापलेल्या, प्रचाराला याहून चांगला मसाला नाही. पण निरोप गेला तो दोन्ही सैन्यांच्या मोहीम महासंचालकांमधल्या हॉटलाइनवरून, आणि २१ जानेवारी २०१७ रोजी तो जवान वाघा सीमेवरून परत आला. अशीच आणखी एक शांत गोष्ट दरवर्षी घडते. ३१ डिसेंबर १९८८च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान १९९२पासून दर १ जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात, म्हणजे त्यांवर हल्ला होऊ नये. कारगिलनंतर दिल्या, पुलवामा-बालाकोटनंतर दिल्या. या यादीला कुणी टाळ्या वाजवत नाही. तरी दोन्हीकडच्या कोट्यवधी माणसांच्या जिवाची हमी जेवढी त्या कागदात आहे तेवढी कोणत्याही गर्जनेत नाही.

म्हणून पुढच्या निवडणुकीत व्यासपीठावरून अण्वस्त्राचे नाव निघाले तर मतदाराने उमेदवाराला रेल्वेबद्दल विचारतो तसेच विचारावे. अण्वस्त्र आधी न वापरण्याचे धोरण तुम्ही ठेवणार की बदलणार? बदलणार असाल तर लेखी सांगाल का? संकटात हॉटलाइन चालू ठेवाल का? १ जानेवारीची यादी देत राहाल का? ज्याच्याकडे उत्तरे असतील तो ती शांतपणे देईल, आणि त्या उत्तरांवर त्याला मत द्यावे किंवा नाकारावे. ज्याच्याकडे फक्त गर्जना असेल त्याला टाळी न देणे एवढे तरी आपल्या हाती आहे. धुळे-नरडाणा मार्गाचा हिशेब पाच वर्षांनी पुन्हा मागता येतो. अण्वस्त्राच्या शब्दाचा हिशेब आधीच मागावा लागतो, कारण तो नंतर मागायची संधी मिळेलच असे नाही.